भुयार नव्हे, पाण्याचा नळ

पुण्यातली भुयारं म्हणजे 'निव्वळ भाकडकथा' असं पुण्यातल्या दंतकथांवरच्या एका लेखात म्हटलंय, ते पटलं नाही. आमच्या आजीच्या वाड्यात हौद होता. त्यातून भुयार थेट शनिवारवाड्यात निघतं आणि पेशवे संकटात तिथून पळायचे, हे आम्ही लहानपणी छातीठोकपणे सांगायचो. पळायचे वगैरे थापा, कबूल. पण जमिनीखाली वाट होतीच की! नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं. तो बांधीव नळ, म्हणजे जमिनीखालचा पाण्याचा बोगदाच, काही ठिकाणी माणूस उभा चालू शकेल एवढा उंच आहे. हवा खेळावी, गाळ काढायला उतरता यावं म्हणून त्याला वाटेत उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी विहिरीसारखी तोंडं, ठेवलेले. काळा हौद, बदामी हौद यांना याच नळाचं पाणी.

घरोघरी तोटीचे नळ आल्यावर कित्येक हौद बुजले, उच्छ्वासांवर रस्ते आले. पाण्याची आठवण पुसली, पोकळीची तेवढी राहिली; मग तिच्यात लोकांनी घोडेस्वार धाडले. (आमच्या गोष्टीत तर हत्तीसुद्धा जायचा.) लेखकाने दंतकथा झटकण्याआधी बुजलेल्या हौदांची यादी तरी त्या कथांशी ताडून पाहायची.