सम गेली नाही, सोडली

पहाटे साडेचारला उठून, थंडी पडली आहे अशी स्वतःची समजूत घालून, अंगाला उटणं फासून पावणेसहाला मैदानातल्या सतरंजीवर मांडी ठोकलेल्या माणसाकडून तटस्थ मताची अपेक्षा करणं हा शुद्ध अन्याय आहे. दिवाळी पहाटेच्या पाससाठी मी दोन तास रांगेत उभा होतो. कारण गाणार होते आमचे बुवा. 'आमचे' म्हणजे, त्यांना माझं नावही ठाऊक नाही. पण गेली २२ वर्षं मी त्यांच्या मैफिलीला पहिल्या चार रांगांत असतो आणि एकदा त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली होती. (बायकोच्या मते ते तबलजीला लय वाढवायला सांगत होते.)

बायको गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा पूर्ण परीक्षेपर्यंत गाणं शिकली आहे. माझं शिक्षण 'वा'पर्यंत.

बुवांनी ललत राग सुरू केला. विलंबित एकताल. बारा मात्रांचं आवर्तन इतकं निवांत की तेवढ्यात शेजारच्या काकांची एक डुलकी पुरी होत होती. मग बुवांनी एक लांबलचक तान घेतली, वर गेले, गिरक्या घेत खाली आले, मुखडा पकडला. आणि तबलजीने समेचा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचा, 'धिं' दणकावला तेव्हा बुवा अजून वाटेतच होते. चांगले दीड मात्रा लांब. आता, मी सम कानाने ओळखत नाही, बुवांच्या हाताच्या झटक्याने ओळखतो. हात खाली आला तसा मी खणखणीत 'वा!' दिली. एकट्याने. ती बिचारी सगळ्या मैदानाला फेरी मारून माझ्याकडेच परत आली.

मांडीवर मात्रा मोजणारी बायकोची बोटं थांबली.

"सम गेली."

"गेली नाही, सोडली."

"सोडायला ती काय पीएमटीतली सीट आहे, म्हातारी दिसली म्हणून?"

मी गप्प बसलो, कारण तेवढ्यात त्याहून वाईट घडलं. ललतात पंचम, म्हणजे 'प', वर्ज्य. शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम शेजारीशेजारी नांदतात, आणि पंचमाच्या जागी रिकामा प्लॉट. बुवा तीव्र मध्यमावरून निघाले ते थेट त्या प्लॉटमध्ये.

"पंचम लागला," बायको म्हणाली.

"नुसता स्पर्श झाला."

"अहो, मुक्काम केला त्यांनी!"

तर, या कामासाठी माझ्याकडे सबबींचा साठा आहे, २२ वर्षं जमवलेला. खर्ज लागला नाही तर दव. वरचा षड्ज चढला नाही तर फटाक्यांचा धूर. माइक हा तर हक्काचा आरोपी, तो आजवर कधी निर्दोष सुटलेला नाही. सवाई गंधर्व महोत्सवासाठी वेगळा कप्पा आहे. १९५३ साली सुरू झालेला हा महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा, भीमसेनजी गायचे तेव्हा उजाडायला आलेलं असायचं. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद झाल्यापासून सगळं लवकर आवरावं लागतं, एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते तेवढीच. त्यामुळे बुवांचा मालकंस जमला नाही की मी सरळ कायद्याकडे बोट दाखवतो. मध्यरात्रीचा राग तुम्ही संध्याकाळी साडेसातला, वडापाव खाणाऱ्या लोकांसमोर गायला लावणार, मग तो काय करणार?

वयोमानाने बुवांनी पट्टी काळी एकवरून पांढरी एकवर आणली, तेव्हा 'आता आवाजाला खोली आली' असं मी गावभर सांगत हिंडलो. त्याच वर्षी दुसऱ्या एका गवयाने पट्टी उतरवली. त्याच्याबद्दल मी म्हणालो, 'संपला.'

हे आमच्या घराण्यातच आहे. म्हणजे आमच्या, बुवांच्या नव्हे. आजोबा सांगायचे, बालगंधर्व पन्नाशीला आले, अंगाने सुटले, तरी शालू नेसून रंगमंचावर आले की आजोबांना नववधूच दिसायची. शेजारी आजी बसलेली असायची. तिला काय दिसायचं, हे कोणी विचारलं नाही.

बुवांनंतर एक तरुण गायिका बसली. सम पाटीवर लिहिल्यासारखी येत होती, स्वर असे की बायकोने डोळे मिटले. मी म्हणालो, "तयारी आहे, पण..."

"पण काय?"

'पण'च्या पुढचं वाक्य आम्ही रसिक कधी पुरं करत नाही. तशी पद्धत नाही.

खरं सांगायचं तर मी बुवांचं आजचं गाणं ऐकतच नाही. २२ वर्षांपूर्वी एका वाड्याच्या चौकात, खांबाला टेकून, पायाला मुंग्या आलेल्या असताना त्यांचा असाच एक ललत ऐकला होता. तो अजून चालू आहे. बुवा समोर बसले की फक्त आवाज मोठा होतो. त्यात त्यांची सम कुठे पडते याची मी चौकशी करत नाही. हे बायकोला सांगितलं असतं, पण ती त्या गायिकेसाठी टाळ्या वाजवत होती. जरा जास्तच.

घरी येऊन फराळाला बसलो. चकली तोंडात टाकली. मोडल्याचा आवाज आला नाही. इथे मात्र मी अत्यंत तटस्थ असतो.

"चकली जरा मऊ पडलीये."

"पडली नाही," बायको चहा गाळत म्हणाली, "सोडलीये."

मी आणखी दोन घेतल्या. या वेळी माझी 'वा' बरोबर समेवर आली.