पगारात पहिले तिघे, कप मात्र शून्य

2019-20 च्या हंगामात एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगमध्ये, सर्वांत जास्त पगार घेणारे पहिले तिघे एकाच संघात होते. मिच मार्नर 1 कोटी 60 लाख डॉलर, ऑस्टन मॅथ्यूज आणि जॉन टवारेस प्रत्येकी 1 कोटी 59 लाख. तिघेही आमच्या टोरँटो मेपल लीफ्सचे. आणि संघाने दिवे काय लावले? कोविडमुळे जी जादा पात्रता फेरी खेळवली, तिच्यातच कोलंबस संघाने यांचा निकाल लावला. तेही टोरँटोच्याच बर्फावर! पाच सामन्यांपैकी दोनांत यांना एकही गोल करता आला नाही.

कुणी लगेच म्हणेल, तुझ्या का पोटात दुखतंय, मालकाचे पैसे आहेत. नाहीत ना! तिथेच तर सगळी गोम आहे. एनएचएलमध्ये आयपीएलच्या पर्ससारखी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. त्या वर्षी ती 8 कोटी 15 लाख होती. मालक कितीही गडगंज असो, जखमी खेळाडूंसाठीची सवलत वगैरे सोडली तर त्यावर जाता येत नाही. म्हणजे एकाने जास्त घेतले की ते दुसऱ्या खेळाडूच्या वाट्यातून जातात. करारांची वार्षिक सरासरी धरली तर मॅथ्यूज, टवारेस, मार्नर आणि चौथा नीलँडर, चौघांत मिळून जवळजवळ निम्मी कॅप खलास. उरलेल्या निम्म्यात अख्खा बचाव, गोली म्हणजे गोलरक्षक, तिसरी-चौथी फळी, सगळं बसवा. मग बचाव गळका का म्हणून वर आम्हालाच विचारतात!

आणि हे पैसे मिळतात कसे तेही बघा. मॅथ्यूजचा त्या वर्षीचा मूळ पगार 7 लाख, म्हणजे लीगमधला किमान. बाकी दीड कोटीच्या वर साइनिंग बोनस. खेळा, पडा, हरा, पैसे आधीच खात्यात.

आता खरा संताप. कॅपमध्ये जागा करायची म्हणून 2019 च्या उन्हाळ्यात पॅट्रिक मार्लोचा साडेबासष्ट लाखांचा करार कॅरोलायना संघाच्या गळ्यात मारला. फुकट कोण घेणार? सोबत ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांतली, पहिल्या फेरीची निवड आंदण दिली. कॅरोलायनाने मार्लोला पैसे देऊन मोकळं केलं आणि त्या निवडीवर सेथ जार्विस उचलला. त्याच उन्हाळ्यात आमच्या काद्रीला कोलोराडोला धाडलं, त्याने 2022 मध्ये तिथे स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलला. आम्ही शेवटचा कप पाहिला 1967 मध्ये. आम्ही म्हणजे कोण, माझा तर तेव्हा जन्मही नव्हता आणि घरात हॉकी म्हणजे ध्यानचंद.

आणि 22 फेब्रुवारी 2020! तेच कॅरोलायना. त्यांचे दोन्ही गोली जखमी झाले, म्हणून एकेकाळी झांबोनी, म्हणजे रिंकचा बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र, चालवणारा बेचाळीस वर्षांचा डेव्हिड एअर्स गोलमध्ये उभा राहिला. किडनी बदललेला माणूस. बरं, परकाही नाही, आमच्याच संघाच्या सरावात गोल अडवायला येणारा. पहिले दोन शॉट आत गेले, त्यानंतर एकही नाही. लीफ्स 6-3 ने हरले. त्याला म्हणे पाचशे डॉलर मिळाले आणि जर्सी घरी न्यायला मिळाली. पाचशे! समोर वर्षाला पावणेपाच कोटी घेणारे तिघे, आणि शेवटच्या वीस मिनिटांत त्या माणसाला एक गोल मारता येत नाही?

टवारेस तरी खुल्या बाजारातून आला होता, त्याला भाव मिळणारच. पण मार्नर? करार संपल्यावर ऐन सप्टेंबरपर्यंत ताणून धरलं आणि व्यवस्थापनाने मान तुकवली. पिट्सबर्गचा सिडनी क्रॉस्बी तेव्हा 87 लाखांच्या सरासरीवर खेळत होता. तीन कप जिंकून! त्याला कळत नव्हतं का स्वतःचा भाव? कळत होता. शेजारी मॅल्किन, लटँग टिकले पाहिजेत हेही कळत होतं.

2021 मध्ये लीफ्स मॉन्ट्रियलविरुद्धच्या मालिकेत 3-1 अशी आघाडी घेऊन हरले. पुढे हरवणारे कोण? मग टँपा, मग फ्लोरिडा, मग पुन्हा बॉस्टन. 2025 मध्ये मार्नर निघून गेला व्हेगासला, तिथे आणखी मोठा करार. आणि आम्ही? एका सामन्याच्या दोन तिकिटांत घरचा महिन्याचा किराणा येईल, तरी वेबसाइट उघडून बसतो. खेळाडूंच्या पगारावर कॅप आहे, तिकिटाच्या दरावर लावायचं मात्र कुणाच्या बापाला सुचत नाही.