आत्याची मिस्सा खोटी नाही

वसईहून आत्याचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, पहाटेची मिस्सा, म्हणजे चर्चमधली कॅथलिक उपासना, न चुकवणारी. कुणीतरी तिला मोबाइलवर पाठवलं होतं: ‘१९६९ची नवी मिस्सा सहा प्रोटेस्टंटांनी लिहिली. बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनवर बंदी घातली. दोन हजार वर्षं न बदललेली मिस्सा मोडली, म्हणून आजचं कम्युनियन म्हणजे नुसती भाकर.’ कम्युनियन म्हणजे मिस्सेत ख्रिस्ताचं शरीर म्हणून घेतलेली भाकर. तिने एवढंच विचारलं, “मग इतकी वर्षं मी काय घेत होते रे?”

तिच्या तोंडी हा प्रश्न आणला, याचाच मला संताप आहे. म्हणून आधी भाकरीचं बोलतो. जुनी, म्हणजे १९६९ आधीची लॅटिन मिस्सा सगळ्या धर्मगुरूंना मोकळी करून दिली ती २००७ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी. असे निरोप पाठवणारे त्यांचंच नाव घेतात. त्याच वेळी बिशपांना लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की मिस्साग्रंथाच्या दोन आवृत्त्यांत विरोध नाही. उपासनेच्या इतिहासात वाढ असते, प्रगती असते, तुटणं नसतं. जुनी मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूंनाही नवी तत्त्वतः नाकारता येणार नाही, हेही त्यातच आहे. खोट्या मिस्सेबद्दल कुठला पोप असं लिहील? संत पेत्राच्या महामंदिरात ते स्वतः नवीच मिस्सा अर्पण करत. आणि जुन्या ग्रंथातला रोमन कॅनन, म्हणजे भाकर-द्राक्षारसावर म्हणायची मुख्य प्रार्थना, नव्या ग्रंथात पहिली युखरिस्त प्रार्थना म्हणून आजही आहे. कुणीही उघडून पाहावं.

‘न बदललेली’ म्हणे! रोममध्ये आधी उपासना ग्रीकमध्ये व्हायची, लॅटिन चौथ्या शतकात रुळली. मिस्सेतलं ‘किरिये एलेइसोन’ (‘प्रभू, दया कर’) ग्रीकच आहे. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याचे विधी पोप बाराव्या पायस यांनी १९५५ मध्ये बदलले, तेव्हा परिषद (१९६२-६५) भरलीही नव्हती.

ते सहा प्रोटेस्टंट नवी मिस्सा तयार करणाऱ्या समितीत नुसते निरीक्षक होते, त्यांना मताचा अधिकार नव्हता.

लॅटिनचं अर्धं खरं आहे. बंदी कुणी घातली नाही. परिषदेच्या १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजाचं ३६वं कलम लॅटिन राखा असंच सांगतं, सोबत लोकभाषेला वाव देतं. ते राखलं गेलं नाही, हे मान्य करावंच लागेल. आज फादर लोकांकडे तोंड करून मिस्सा करतात, तसं करावं असंही त्या दस्तऐवजात कुठे नाही.

पण तरुणपणी लॅटिन मिस्सेत आत्या काय करायची, हे तिनेच मला सांगितलंय. मागच्या बाकावर बसून रोझरी (जपमाळ) म्हणायची. वेदीवर काय वाचतात, ते तिला मिस्सा मराठीत आल्यावर पहिल्यांदा कळलं.