जहाज कुणासाठी थांबत नाही

क्रूझ बुक झाली की वाटतं, चला, आता फक्त बॅगा भरायच्या. मलाही वाटलं होतं. मग क्रूझ कंपनीच्या टूर्सचे रेट बघितले. सिविताव्हेक्किया बंदरातून बसने रोमला नेणार, बसने परत आणणार, मधे एक गाइड हातात नंबराची पाटी धरून पुढे चालणार, आणि त्याचे दोघांचे जेवढे युरो तेवढ्यात आम्ही ट्रेनने चार वेळा रोम करून येऊ. म्हटलं, आपलं आपण करायचं!

साडूभाऊंनी मात्र डोळे मिटून कंपनीची टूर घेतली. "उतरवतील तिथे उतरायचं, बसवतील तिथे बसायचं, डोक्याला ताप नाही." असल्या गिऱ्हाइकांमुळेच या लोकांचं फावतं, असं मी हिला म्हटलं. ही काही बोलली नाही, कारण त्या बसमध्ये तिची बहीण जाणार होती.

मग दीड महिना मी आणि एक्सेल. रोमचा दिवस नेमका रविवार निघाला, आणि व्हॅटिकन म्युझियम महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद, आमचा रविवार दुसरा. बरं, दुसऱ्या दिवशी लिव्होर्नो बंदर, म्हणजे तिथून फ्लॉरेन्स, तर सोमवारी उफिझी हे चित्रांचं म्युझियमही बंद आणि मायकेलअँजेलोचा खरा डेव्हिडचा पुतळा जिथे आहे ती अकादमीही बंद. चौकात त्याची नक्कल उभी असते, ती सोमवारीही दिसते, तेवढंच समाधान. कोलोसियमच्या तिकिटावर वेळ आणि नाव दोन्ही छापलेलं असतं, त्यामुळे पासपोर्टवरचं स्पेलिंग मी रात्री दोन वाजता उठून परत तपासलं.

या सगळ्याच्या मुळाशी एकच भीती. कंपनीची बस लेट झाली तर जहाज त्यांच्यासाठी थांबतं. आपले आपण फिरणारे लेट झाले तर जहाज जातं निघून, आणि पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं. धक्क्यावरून पळत येणाऱ्यांचे आणि वरून टाळ्या वाजवणाऱ्यांचे व्हिडिओ मी इतके बघितले होते की स्वप्नात मीच पळत होतो, हातात एक्सेलचा प्रिंटआउट.

पहिला दणका ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने, म्हणजे टेंडरने, काठावर जायचं. कंपनीच्या टूरवाल्यांना आधी सोडतात, आम्ही नंबर घेऊन लाउंजमध्ये, दवाखान्यात बसल्यासारखे. परतताना, कड्यावरच्या गावातून खाली आणणाऱ्या केबल कारची रांग बघून माझं धाबं दणाणलं आणि मी हिला पाचशेऐंशीच्या वर पायऱ्या उतरायला लावलं. त्याच पायऱ्यांवरून गाढवंही जातात. पायऱ्या गुळगुळीत, त्यावर गाढवांनी जे काही टाकलेलं ते, आणि समोरून घंटा वाजवत पाच-सहा गाढवं एकदम, आम्ही भिंतीला पालीसारखे चिकटलो. "अहो, ही गाढवं तरी ठरलेल्या रस्त्याने चाललीत," एवढंच ही म्हणाली.

रोमला मात्र चोख तयारी. जहाजाच्या वेळेवरच चाला, असं सगळीकडे वाचलेलं, म्हणून मनगटावरचं घड्याळ मी ग्रीसच्या वेळेवरच ठेवलं, तिथली वेळ इटलीपेक्षा एक तास पुढे. फोनवर इटलीची वेळ, मनगटावर जहाजाची. सकाळी उतरायच्या दाराशी मी सगळ्यात आधी हजर, मागे चिटपाखरू नाही, आणि लोक किती आळशी असतात यावर मी हिला थोडं बोललोसुद्धा.

कोलोसियम बघितलं. म्हणजे हिने बघितलं, मी घड्याळ बघत होतो. दोन वाजता ही म्हणाली, ट्रेव्हीचं कारंजं पंधरा मिनिटांवर आहे, नाणं टाकून येऊ, म्हणजे परत रोमला येणं होतं म्हणतात. मी मनगट पुढे केलं. तीन! साडेसहाला सगळे जहाजावर हवेत, ट्रेनला तास-सव्वा तास, पुढे बंदराची शटल बस, शिवाय इटलीत ट्रेनचा संप कधी होईल सांगता येत नाही. नाणं राहिलं हिच्या मुठीत, आणि आम्ही स्टेशनकडे जवळजवळ धावतच.

जहाजाच्या दारातल्या खलाशाला मी विजयी मुद्रेने विचारलं, किती वाजले? साडेचार, म्हणाला. माझ्यात साडेपाच. मग कळलं, आदल्या रात्री जहाजाची घड्याळं तासभर मागे घेतली होती, तशी चिठ्ठीही केबिनमध्ये टाकली होती, तिच्या मागच्या बाजूला मी फ्लॉरेन्सच्या ट्रेन्स लिहून काढल्या होत्या. हिने चिठ्ठी उलटून वाचली, घडी घालून माझ्या खिशात ठेवली.

दोन तास आम्ही डेकवर बसून. साडेसहा झाले, सात वाजले, जहाज हलेना. सव्वासातला घोषणा झाली, आपल्या टूरची एक बस ट्रॅफिकमध्ये अडकली आहे, ती आली की निघू. आठ वाजता बस आली. सगळ्यात शेवटी साडूभाऊ उतरले, हातात आइस्क्रीमचा कप, सावकाश. वर आम्हाला बघून त्यांनी हात केला आणि खालूनच ओरडले,

"तुमच्या दोघांच्या नावानंही एकेक नाणं टाकलंय हो कारंज्यात!"