वीस रुपयांचा गाईड

जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बॅसिलिकेत एका अनोळखी गृहस्थांनी मला गाईड समजून माझ्या हातावर वीस रुपयांची नोट ठेवली, याचा राग अजून ओसरलेला नाही. त्यातही वीसच, हे अधिक झोंबले.

संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी इतक्या उंचावर का ठेवली आहे, असे ते पत्नीला विचारीत होते. खालचे संगमरवरी काम टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने दिलेले असून ते 1698 साली पूर्ण झाले, एवढे मी सांगितले आणि त्या क्षणापासून सतराव्या शतकाचा सगळा कारभार माझ्याकडे आला.

"मग दर्शन कुठे होतं?"

साधारण दहा वर्षांनी अवशेष समोरच्या से कॅथीड्रलमध्ये नेऊन दर्शनासाठी ठेवतात आणि मागचा सोहळा जानेवारी 2025 मध्ये संपला, असे म्हणताच गृहस्थांचा आवाज चढला.

"अहो, मग आम्हांला आज कशाला आणलंत?"

मी कोणालाही आणलेले नव्हते. तोपर्यंत मागे त्यांच्या बसमधली मंडळी गोळा झाली होती आणि त्यांतल्या एका आजींनी मला जरा मोठ्याने बोलण्याची सूचना केली. हे संत 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले, हे ऐकून गृहस्थ म्हणाले, "म्हणजे इथले नव्हेतच!" जणू मीच बनावट माल खपवीत होतो.

बाहेर आल्यावर त्यांनी जांभ्याच्या उघड्या भिंतीकडे बोट दाखवून "रंगालाही पैसे नाहीत" असा शेरा मारला. गिलावा 1950 च्या दशकात मुद्दाम काढला गेला आणि तेव्हापासून तो सच्छिद्र दगड प्रत्येक पावसाळा अंगावर झेलतो आहे, ही खरोखर काळजीची बाब आहे. परंतु ती ऐकायला कोणी थांबले नाही, कारण तेवढ्यात सर्वांना त्याच भिंतीपुढे छायाचित्र काढून हवे होते आणि ते अर्थातच गाईडने काढायचे होते.

फोन परत घेता घेता गृहस्थांचे लक्ष रस्त्यापलीकडे गेले.

"त्या चर्चला एकच मनोरा कसा?"

"दुसरा 1776 मध्ये कोसळला."

"आणि तुम्ही लोकांनी तो अजून बांधला नाहीत?"