रबर चावून चेहरा ‘ओव्हल’ होत नाही

‘ओव्हल (अंडाकृती) चेहरा हाच परिपूर्ण चेहरा. टेपने मोजा, लांबी भागिले रुंदी 1.618 आली तर तुम्ही भाग्यवान. नाही आली तर 30 दिवस हे व्यायाम करा आणि चेहरा ओव्हल करून घ्या. ओव्हल चेहऱ्याला कुठलीही केशरचना, कुठलाही चष्मा शोभतो. बाकीच्यांनी आपले दोष झाकायला शिकावं.’ अशा आशयाचा मजकूर आणि त्यावर बेतलेले व्हिडिओ सगळीकडे फिरत आहेत. असलं बरंच काही येतं-जातं म्हणून मी ते सोडून देत होते. पण माझी सोळा वर्षांची भाची हे वाचून रोज रबराचा गोळा दाढांखाली धरून चावायला लागली आणि जेवताना कानापाशी दुखतं म्हणून तिला घास घेता येईना, तेव्हा हे सोडून देणं शक्य राहिलं नाही. एकेक मुद्दा घेते.

आधी ते 1.618. हे सुवर्ण गुणोत्तर, युक्लिडच्या भूमितीत येतं. भूमितीत त्याचं स्थान मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माणसाचा चेहरा त्यावर बेतलेला असतो, हे मोजून कुणी दाखवलं? हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकानेही साधा गुणाकार केलेला दिसत नाही. प्रौढ बाईच्या चेहऱ्याची रुंदी गालाच्या हाडांपाशी 13 सेंटीमीटर धरा. 1.618 यायला केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचं अंतर 21 सेंटीमीटर हवं. बहुतेक जणींचं ते 17 ते 19 च्या आसपास असतं. म्हणजे या कसोटीवर जवळजवळ सगळ्याच नापास. आणि एखादीचा चेहरा खरोखर 21 सेंटीमीटर भरलाच, तर कुठलाही अनुभवी केशरचनाकार त्याला ओव्हल म्हणणार नाही, लांबट म्हणेल. पार्लरच्या शिक्षणात शिकवतात ते ‘रुंदीच्या साधारण दीडपट लांबी’, आणि तोही नजरेचा अंदाज आहे. त्याला तीन दशांश स्थळं चिकटवली म्हणून त्याचं शास्त्र होत नाही.

चेहऱ्यातली अंतरं आणि आकर्षकपणा यांचा संबंध खरोखर तपासणारं काम झालेलं आहे. पॅमेला पॅलेट, स्टीफन लिंक आणि कांग ली यांचा शोधनिबंध 2010 मध्ये ‘व्हिजन रिसर्च’ या नियतकालिकात आला. त्यांनी केलं असं: एकाच बाईचा फोटो घ्यायचा, नाक-डोळे-ओठ तेच ठेवायचे, फक्त डोळे आणि तोंड यांच्यातलं अंतर किंवा दोन डोळ्यांमधलं अंतर थोडं थोडं बदलत न्यायचं, आणि जोड्या दाखवून लोकांना विचारायचं की यातला कुठला चेहरा जास्त आवडला. लोकांची पसंती कुठे जमली? डोळे ते तोंड हे अंतर चेहऱ्याच्या लांबीच्या 36 टक्के आणि दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर रुंदीच्या 46 टक्के असेल तिथे. यात सुवर्ण गुणोत्तराचा मागमूस नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे आकडे सरासरी चेहऱ्याचेच आकडे निघाले. एखाद्या दुर्मीळ, भाग्यवान चेहऱ्याचे नव्हे, चारचौघींच्या चेहऱ्याचे. अभ्यासातले चेहरे गोऱ्या वंशाच्या स्त्रियांचे होते, त्यामुळे 36 आणि 46 हे आकडे घेऊनही कुणी आरशासमोर उभं राहू नये. पण ‘परिपूर्ण गुणोत्तर’ या कल्पनेतली हवा काढायला एवढं पुरेसं आहे. या अभ्यासाकडे पुढे पुन्हा येईन, कारण त्यातलीच एक गोष्ट त्या मजकुराच्या बाजूने जाते.

मोजण्याची रीतही चुकीची सांगितली आहे. शिंपी वापरतात तो टेप गालावरून गालावर नाकावरून ओढला की तो वळणावरून जातो आणि रुंदी खऱ्यापेक्षा बरीच जास्त दाखवतो. मग प्रत्येकीचा चेहरा ‘गोल’ निघतो. लांबी केसांच्या रेषेपासून मोजायची, तर ती रेष माणसागणिक आणि वयागणिक वर-खाली असते. कपाळावरचे केस विरळ झाले की कवटीत काहीही न बदलता चेहरा एक सेंटीमीटरने ‘लांब’ होतो. म्हणूनच मानवशास्त्रज्ञ चेहऱ्याचा निर्देशांक (लांबी-रुंदीचं प्रमाण) काढताना केसांची रेष धरत नाहीत. नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंत मोजतात, आणि रुंदीसाठी कॅलिपर, म्हणजे दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजणारा चिमटा, वापरतात.

सेल्फीवर रेघा मारून आकार सांगणारी ॲप्स तर त्याहून बेभरवशाची. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान-जबडा लांब, त्यामुळे मधला भाग फुगतो आणि कडा मागे सरतात. 2018 मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जन्सनी याचा हिशेब मांडला होता: 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी 5 फुटांवरच्या फोटोच्या तुलनेत सुमारे 30 टक्क्यांनी जास्त दिसते. अशा फोटोवरून कुणी आपल्या चेहऱ्याचा निकाल लावू नये.

आता तो 30 दिवसांचा व्यायाम. माझा खरा राग याच्यावर आहे.

चेहऱ्याची बाह्यरेषा मुख्यत्वे हाडांनी ठरते: गालाची हाडं किती बाहेर आहेत, खालच्या जबड्याचा कोन कसा आहे, हनुवटी किती पुढे आहे. स्नायूंच्या कुठल्याही व्यायामाने गालाचं हाड आत सरकत नाही. आणि रबराचा गोळा किंवा चिवट गम तासन्‌तास चावला की कुठला स्नायू वाढतो? मॅसेटर. चावण्याचा हा मुख्य स्नायू जबड्याच्या कोनावर, बाहेरच्या बाजूला असतो. तो जाड झाला की चेहऱ्याचा खालचा भाग रुंद आणि चौकोनी दिसू लागतो. ओव्हल चेहऱ्याची व्याख्या काय, तर खाली निमुळता. म्हणजे हा व्यायाम मुलींना त्यांना हव्या असलेल्या आकाराच्या नेमकं उलट्या दिशेला नेतो. चेहरा खालून निमुळता दिसावा म्हणून डॉक्टर याच स्नायूत बोटुलिनम टॉक्सिनची (बोटॉक्सची) इंजेक्शनं देऊन तो सैल पाडतात. जो स्नायू बारीक करण्यासाठी उपचार आहेत, तोच फुगवायला हा मजकूर सांगतो.

नुकसान दिसण्यापुरतं थांबत नाही. कानासमोर जबड्याचा सांधा असतो. बोलणं, चावणं, जांभई देणं, सगळं त्याच्यावर. त्यावर रोज नको तेवढा भार टाकला की तोंड उघडताना कटकट आवाज, कानापाशी दुखणं, कपाळाच्या बाजूला ठणका, क्वचित जबडा अडकणं असे त्रास सुरू होऊ शकतात. भाचीला दंतवैद्यांकडे नेल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘काय चावतेस?’ हाच. तो गोळा बंद, मऊ खाणं, शेक, एवढ्यावर तिचं भागलं. ज्यांचं भागत नाही, त्यांच्यासाठी या मजकुरात एका ओळीचीही सूचना नाही.

शिवाय हे सगळं कुणाला सांगितलं जातंय? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना. खालचा जबडा वाढायला चेहऱ्याच्या इतर हाडांपेक्षा उशीर लावतो. किशोरवयाच्या अखेरपर्यंत चेहरा लांबत आणि उतरत असतो. लहानपणी बहुतेकांचा चेहरा गोलसर असतो तो यामुळेच. दोन-तीन वर्षांत आपोआप जो बदल होणार आहे, त्याला दोष ठरवून त्या मुलांना आत्ताच आरशासमोर उभं करायचं, हे मला क्रूर वाटतं.

‘आधी आणि नंतर’चे फोटोही नीट बघा. पहिल्यात कॅमेरा जवळ आणि खालून, मान आत, केस घट्ट मागे. दुसऱ्यात कॅमेरा लांब, मान थोडी पुढे आणि वर, गालांवर दोन बटा सोडलेल्या. हा फरक तीस सेकंदांत करता येतो. हनुवटीला पट्टा बांधून झोपायचा सल्लाही तसाच: दाबामुळे सूज थोडी इकडची तिकडे होते, दिवस वर येईपर्यंत चेहरा पूर्ववत.

‘गोल चेहरा म्हणजे आळस’ हे त्या मजकुरातलं वाक्य तर वाचवत नाही. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांचा चेहरा औषधामुळे गोल होतो. असल्या वाक्याने दुखावून कुणी गोळ्या मनाने बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं, कारण ही औषधं एकदम थांबवायची नसतात. चेहरा अचानक गोल झाला असेल तर डॉक्टरांना दाखवावं, केशरचनाकाराला नव्हे.

कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत सव्वादोन इंचांपेक्षा कमी अंतर असेल तरच केस आखूड कापा, हा ब्रिटिश केशरचनाकार जॉन फ्रीडा यांच्या नावाने फिरणारा नियमही त्याच मजकुरात आहे. उंच, मोठ्या चणीच्या बाईचं डोकंही मोठं असतं. इंचांचा एकच आकडा सगळ्यांना कसा लागू होईल? पुढे जाऊ.

आता जे मान्य करावं लागतं ते. ओव्हल चेहऱ्याला जास्त प्रकारच्या केशरचना जमतात, हे बऱ्याच अंशी खरं आहे. केशरचना किंवा चष्मा दिसणारी लांबी-रुंदी बदलतो. रुंद कपाळ, ठळक जबडा असं काही एका जागी नजरेत भरत नसेल, तर सांभाळायच्या गोष्टी कमी उरतात, एवढाच त्याचा अर्थ. पॅलेट आणि सहकाऱ्यांनीही म्हटलं आहे की केशरचनेने चेहऱ्याची दिसणारी लांबी-रुंदी बदलते, म्हणून तीच व्यक्ती एका केशरचनेत जास्त आकर्षक वाटू शकते. पण यातून निघतं ते मजकुराच्या विरोधातच जातं: जे काम तीन इंचांची फ्रिंज (कपाळावर सोडलेले आखूड केस) करते त्यासाठी जबडा झिजवायची गरज नाही, आणि ते कुठल्याही आकाराच्या चेहऱ्यावर करता येतं.

आकार ओळखायचाच असेल तर केस मागे बांधा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, दीड-दोन मीटरवरून दुसऱ्या कुणाला तरी समोरून फोटो काढायला सांगा. मग आकडे नकोत, उतार बघा. सगळ्यात रुंद जागा गालाच्या हाडांपाशी, कपाळ जबड्यापेक्षा किंचित रुंद, जबड्याला कोपरा न दिसता हनुवटीपर्यंत गोलाईने उतार, आणि लांबी रुंदीपेक्षा स्पष्ट जास्त: हा ओव्हल. उतार आहे पण कोपरेही दिसतात, असं असेल तर दोन आकारांच्या मधला. बहुसंख्य चेहरे असेच मधले असतात.

आणि ओव्हल निघाला तरी ‘काहीही शोभतं’ यावर विसंबू नका. ओव्हल चेहरा लांबीकडे झुकणारा असेल तर मधला भांग, सरळ चपटे लांब केस आणि डोक्यावर उंच फुगवटा यांनी तो आणखी लांब दिसतो. फ्रिंज किंवा गालांच्या उंचीवर सुरू होणारे लेयर्स त्याला रुंदी देतात. कपाळावर भोवरा असेल तर सरळ फ्रिंज बसणारच नाही, चेहरा कुठलाही असो. कुरळे केस ओले असताना मापून कापले तर वाळल्यावर वर चढतात. केस विरळ आहेत की दाट, रोज किती वेळ द्यायची तयारी आहे, हे प्रश्न आकाराच्या आधी येतात, आणि चांगला केशरचनाकार तेच आधी विचारतो.

चष्म्याचंही तेच. फ्रेमच्या काडीवर आतून 52-18-140 असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. पूल सैल असेल तर चष्मा घसरणार, ओव्हल चेहऱ्यावरूनही. बाहुली काचेच्या मध्याच्या जवळ यायला हवी. मायनस नंबर मोठा असेल तर मोठ्या फ्रेममध्ये काचेची कड जाड होते, तिथे लहान फ्रेम घ्यावी. प्रोग्रेसिव्ह काच (दूरचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेली) हवी असेल तर फ्रेमला पुरेशी उंची लागते. फ्रेम निवडताना दुकानात हे आधी विचारा, चेहऱ्याचा आकार त्यानंतर.