आंबोली घाट : ‘दोन-तीन मीटर वाढल्याने काय बिघडते?’

सप्रेम नमस्कार.

आंबोली घाटातल्या रस्त्याच्या रुंदीकरणावरील माझ्या लेखाला आपण घेतलेला आक्षेप दुहेरी आहे. आंबोलीचा रस्ता ब्रिटिश काळापासून आहेच, तो दोन-तीन मीटर रुंद झाल्याने जंगल बुडत नाही, हा एक. आणि मी केवळ तोडल्या जाणाऱ्या झाडांवर लिहून वाचकांना भावनिक केले, हा दुसरा. दुसरा मला मान्य आहे. झाडे मोजणे सोपे असते म्हणून मी त्यांच्यावरच थांबलो.

पहिला मात्र मान्य नाही. सपाटीवर तीन मीटर म्हणजे तीनच मीटर. घाटात तेवढी जागा काढायची तर वरचा डोंगरउतार त्याच्या कितीतरी पट उंचीपर्यंत कापावा लागतो आणि निघालेला राडारोडा दरीतल्या ओढ्यांत उतरतो. जुन्या कापणीवर इतक्या वर्षांच्या पावसाळ्यांनी शेवाळ आणि तेरडे रुजवले आहेत; अशा झिरपत्या कातळावरच्या पाण्याच्या पातळ थरात इंडिराना वंशातल्या बेडकांची पिल्ले वाढतात. म्हणजे रस्त्यानेही अधिवास घडवला, हे मी आपल्याच बाजूने नोंदवतो. पण त्यावर जाळी ठोकून सिमेंट फवारले की तो संपतो.

‘सर्वेक्षणात संकटग्रस्त प्रजाती आढळली नाही, मग अडचण काय?’ असेही आपण विचारले आहे. सर्वेक्षण कोणत्या महिन्यात केले, हा माझा उलट प्रश्न. आपल्याकडे अशा मूल्यांकनासाठी पावसाळा वगळून एका हंगामाची माहिती पुरेशी धरण्याची रीत आहे. आंबोली टोड हा भेक, ज्याची शास्त्रीय नोंद २००९ साली झाली आणि जो केवळ आंबोली परिसरातूनच माहीत आहे, तो पहिल्या पावसात सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, उथळ डबक्यांत अंडी घालतो. देवगांडूळ, हा गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर, तर एरवी जमिनीखालीच असते. फेब्रुवारीत फिरणाऱ्याला ही दोन्ही कशी दिसणार?

शिवाय पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या केंद्रीय अधिसूचनेतील २०१३च्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला पर्यावरण मंजुरी लागते ती लांबी १०० किलोमीटरहून अधिक आणि जुन्या आखणीवरची जादा जागा ४० मीटरहून अधिक असेल तेव्हा. उत्तराखंडातला सुमारे ९०० किलोमीटरचा चारधाम महामार्ग प्रकल्प ५३ तुकड्यांत विभागला गेला, तो उगाच नव्हे. एकटा घाट या मापात बसणारच नाही.

रुग्णवाहिका वेळेत पोचावी, हे मलाही हवे आहे. पण पावसाळ्यात तिला अडवते ती बहुधा दरड, आणि उभा कापलेला उतार दरडीला आमंत्रणच देतो.

म्हणून मागणी रस्ता थांबवण्याची नाही. काम सुरू होण्यापूर्वी एक पूर्ण पावसाळा, जून ते सप्टेंबर, पहाटे पायी फिरून वाहनांखाली चिरडलेले जीव मोजावेत आणि कामानंतर त्याच टप्प्यात, त्याच पद्धतीने पुन्हा मोजावेत. दोन्ही बाजूंच्या फांद्या जिथे एकमेकींना भिडतात, त्या शेकरूच्या वाटा नकाशावर आखून तिथली रुंदी आवरावी. आणि गटाराची निदान एक भिंत उतरती ठेवावी, कारण उभ्या भिंतींच्या गटारात पडलेल्या कित्येक बेडकांना वर येता येत नाही.